भिंतीतला फ्रीज

आप्पा रोज सकाळी घराभोवती फिरून भिंतींवर लोखंडी गज मारायचे. ट्रकवाले टायरवर मारून हवा बघतात, अगदी तसंच. पुढच्या कोपऱ्यापासून सुरुवात, मग वळसा घालून मागं आणि परत पुढं. एखाद्या ठिकाणी आवाज वेगळा आला की थांबायचे, भिंतीला कान लावायचे, आणि "हाय, हाय" असं पुटपुटत पुढं सरकायचे. आम्ही राहायला गेल्यावर पहिल्याच सकाळी मी त्या ठोक्यांनी दचकून उठले. खिडकीतून पाहिलं तर बंडी आणि पायजम्यातला एक उंच, वाकलेला म्हातारा गज खांद्यावर टाकून उभा. मला बघून ते जरासे ओशाळले.

"हवा बघतो," ते म्हणाले.

ते आमचे घरमालक. सगळी आळी त्यांना आप्पा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. संगमनेरात नदीच्या अलीकडं, जिथं वस्ती संपून उसाची शेतं लागतात तिथं त्यांचं घर होतं. मी तिथल्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले होते. नवऱ्याची नोकरी नगरच्या एमआयडीसीत. तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मधले सगळे दिवस त्या घरात मी एकटी, आणि पुढच्या खोलीत आप्पा.

आप्पांनी जन्मभर दुधाचा टँकर चालवला होता. संगमनेरहून मुंबईला दूध पोचवायचं आणि रिकामं परत यायचं. येताना मात्र ते कधीच रिकामे येत नसत. कुठं वाडा पाडताहेत, कुठं शाळेची जुनी इमारत उतरवताहेत, तिथून दारं, खिडक्या, विटा, फरशा उचलून आणायच्या आणि सुट्टीत स्वतःच्या हातानं घर वाढवायचं. इंजिनिअर नाही, नकाशा नाही. त्यामुळं त्या घरातलं एक दार दुसऱ्यासारखं नव्हतं. बैठकीचं दार कचेरीला शोभावं इतकं रुंद, तर आमच्या स्वयंपाकघराचं इतकं अरुंद की पाण्याचा हंडा कडेवर घेऊन आडवं व्हावं लागायचं. एकही कोपरा काटकोनात नव्हता. जमिनीवर पडलेला लिंबू आपला आपला चालत जायचा आणि नेहमी एकाच जागी थांबायचा, फ्रीजपाशी.

त्या फ्रीजबद्दल मला भाडं ठरवतानाच बजावलं गेलं होतं. घर दाखवून झाल्यावर आप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबले. बाकी कशाची अट न्हाई, म्हणाले. पाहुणे येऊ द्या, खिळे मारा, मटन शिजवा. फक्त एक.

"ह्यो फ्रीज कदी बंद करायचा न्हाई. आत काय ठेवा न्हाईतर मोकळा ऱ्हाऊ द्या. पन चालू पायजे."

फिकट निळ्या रंगाचा, गोल खांद्यांचा जुना एकदारी फ्रीज होता तो. आणि तो भिंतीपाशी नव्हता, भिंतीत होता. दोन्ही बाजूंनी विटा आणि सिमेंट, डोक्यावर माळ्याची स्लॅब, खाली नंतर बसवलेली फरशी त्याच्या पायांना घट्ट भिडलेली. जेमतेम दार उघडेल एवढाच भाग बाहेर. एखादा माणूस भिंतीत मागं मागं सरकत शिरता शिरता थांबावा आणि आपल्याकडं तोंड करून उभा राहावा, तसा तो दिसायचा. त्याची घरघर सगळ्या घरात ऐकू यायची. नव्यानव्यानं त्रास झाला, मग सवय झाली.

लाईट गेली की आमचे पंखे बंद पडायचे, दिवे जायचे, आप्पा अंधारात हातपंख्यानं वारा घेत बसायचे. घरात इन्व्हर्टर होता, पण त्यावर एकटा फ्रीज. मी एकदा म्हटलं, आप्पा, निदान एक बल्ब तरी जोडून घ्या. ते हसले फक्त. रोज दिवेलागणीला ते आत यायचे, आधी बाहेरून खोकायचे, मग फ्रीजच्या दारावर तळहात टेकवून डोळे मिटून उभे राहायचे. डॉक्टरांनी पेशंटच्या छातीवर हात ठेवावा तसे. समाधान झालं की मान डोलवून निघून जायचे. फ्रीजमध्ये माझं दूध असो, भाजी असो, त्यांनी कधी दार उघडून आत पाहिलं नाही. त्यांना त्या फ्रीजच्या गारव्याशी काही देणंघेणंच नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

चहा प्यायला बसले की मात्र गप्पा रंगायच्या. टँकरच्या, घाटाच्या, ढाब्यांच्या. दुधाच्या चिलिंग प्लँटबद्दल बोलताना ते एक वाक्य हमखास म्हणायचे, "गार करायचं म्हंजे कुटंतरी गरम करावंच लागतं, बाई. त्या मशिनीच्या म्होरं थंडी वाजती आन मागं उभं ऱ्हायलं तर घाम फुटतो." मी मान हलवायची. विज्ञानाच्या पुस्तकातलीच गोष्ट होती ती, त्यात मला काही विशेष वाटलं नाही.

विशेष वाटायला लागलं ते दुपारी. कॉलेज सकाळचं होतं, त्यामुळं एकच्या सुमाराला मी घरी असायची. आप्पा पुढं झोपलेले, आळीत सामसूम, बाहेर रणरण ऊन. अशा वेळी फ्रीजच्या मागून आवाज यायचे. तांब्या ठेवल्यासारखा एखादा. मांडणीतली ताटली सरकल्यासारखा एखादा. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, उष्णतेनं पत्रा प्रसरण पावतो. एका शनिवारी त्यानं स्वतः ऐकलं. मग तो उंदीर असतील म्हणाला, पण त्यानंतर तो जेवायला फ्रीजकडं पाठ करून बसेना.

आवाजापेक्षा मला वासाचं जास्त वाटायचं. कधीमधी फ्रीजच्या कडेच्या फटीतून वास यायचा. बिघडलेल्या यंत्राचा नाही, राखेचा. कोमट राख आणि भाजलेलं पीठ.

एक दिवस मी कपडे वाळत घालायला मागं गेले होते. सहज घराकडं पाहिलं आणि जाणवलं की घर आतून जेवढं आहे त्यापेक्षा बाहेरून मोठं आहे. माझं स्वयंपाकघर संपतं तिथं भिंत संपत नव्हती. पुढं आणखी एका खोलीएवढं बांधकाम होतं, त्याला दार नव्हतं. एका जागी विटांचा रंग वेगळा होता, चौकोनी, खिडकी बुजवल्यासारखा. वर कौलांतून मातीचं एक जुनं धुराडं बाहेर आलेलं. हिवाळ्यातल्या थंड सकाळी त्या धुराड्याच्या तोंडाशी हवा थरथरताना मी पाहिली होती, पण तोवर ते कुठल्या चुलीचं धुराडं असा विचार केला नव्हता.

आप्पांना विचारलं. ते गज घेऊन तिथंच उभे होते.

"तिकडं काई न्हाई," ते म्हणाले. "तिकडं जुनं हाय."

मे महिन्यात फ्रीज बंद पडला. कॉलेजला सुट्टी लागली होती. बाजारातून भाजी घेऊन घरात आले आणि कानात दडे बसल्यासारखं झालं. घरघर थांबली होती. स्वीच दाबून पाहिला, इन्व्हर्टर पाहिला, सगळं ठीक. आप्पांना सांगायला पुढं गेले तर ते खोलीत नव्हते. मागच्या अंगणात त्या बुजवलेल्या खिडकीला दोन्ही तळहात टेकवून उभे होते. मी काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, "बंद पडला न्हवं?"

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्यानं खालची जाळी काढून, बॅटरी मारून बघितलं. कॉम्प्रेसर जाम झालाय, म्हणाला, आता ह्याचे पार्ट कुठं मिळत नाहीत, हा काढा आणि नवा बसवा. मग तो उठला, भिंतीकडं पाहिलं, माळ्याकडं पाहिलं, स्वयंपाकघराच्या अरुंद दाराला टेप लावून पाहिली आणि बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला.

"फ्रीज आधी आला का घर आधी?" त्यानं विचारलं.

मेकॅनिकनं मला समजावून सांगितलं. हा बाहेर काढायचा तर भिंत फोडावी लागेल. फोडून काढला तरी या दारातून जाणार नाही, आणि नवाही आत येणार नाही. दार लागलं त्याच्या आधी कधीतरी तो इथं ठेवलेला आहे. आप्पा म्हणाले, भिंत फोडायची न्हाई. मग काही होणार नाही, असं म्हणून मेकॅनिक गेला.

त्यानंतर आप्पांनी जे सुरू केलं ते पाहून आळीतली माणसं कुजबुजायला लागली. ऐन मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, ते घमेल्यात निखारे भरायचे आणि त्या बुजवलेल्या खिडकीच्या पायाशी ठेवून शेजारी बसायचे. निखारे विझले की दुसरे. जेवण सोडलं. मी ताट नेऊन दिलं की तसंच परत यायचं. मग एक दिवस स्वेटर घालून बसलेले दिसले, दात वाजत होते. अंगाला हात लावला तर ताप नव्हता, उलट हात बर्फासारखे. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की मुलीला बोलावून घ्या.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात वरण उतरवत होते. फ्रीज बंद पडून आठवडा होऊन गेला होता. दार उघडं ठेवून मी त्यात वर्तमानपत्र घातलं होतं. सहज हात फटीजवळ गेला आणि थांबला. फटीतून ऊबदार हवा येत होती. हळूहळू, एका लयीत. मी गॅस बंद केला, पुन्हा हात धरून पाहिला. येत होती. मी वरणाचं भांडं तसंच ठेवून अंगणात जाऊन बसले, आणि ताई येईपर्यंत त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

ताई म्हणजे आप्पांची एकुलती एक मुलगी. नगरला दिलेली, पन्नाशीकडं झुकलेली, कमी बोलणारी बाई. वडिलांपाशी घटकाभर बसून ती मागं आली, घमेल्यातली राख पाहिली आणि पायरीवर माझ्याजवळ टेकली. मी विचारलं नव्हतं, तीच सांगायला लागली.

फ्रीजमागं तिच्या आईचं स्वयंपाकघर होतं. मूळ घर म्हणजे ती एवढी एकच खोली. ताई लहान होती, सुट्टीला घोडेगावला मामाकडं गेली होती. आप्पा त्या संध्याकाळी मुंबईहून परत यायचे होते. आईनं स्वयंपाक केला, तवा चुलीवर ठेवला, आले की गरम भाकरी टाकू म्हणून वाट बघत बसली. टँकर घाटात बंद पडला. आप्पा पोचले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. ती चुलीजवळ भिंतीला टेकून बसलेली होती, परातीत पीठ मळलेलं. काळीज थांबलं होतं.

"लोकांनी इचारलं की आप्पा एकच सांगायचे," ताई म्हणाली. "म्या आलो तवा चूल गार पडली हुती. तिच्याबद्दल काईच न्हाई. चूल गार पडली हुती, एवढंच."

तेरावं झाल्यावर त्यांनी खिडकी बुजवली, बाहेरचं दार बुजवलं. आत काही हलवलं नाही. पुढं त्या खोलीला लागून नवी खोली काढली, आणि मधल्या दाराच्या चौकटीत फ्रीज आणून बसवला. घरात दूध ठेवायला भांडं नव्हतं आणि ह्यांनी फ्रीज आणला, म्हणून नातेवाईक हसले होते.

गार करायचं म्हणजे कुठंतरी गरम करावंच लागतं. आप्पांचं ते वाक्य मी ताईला सांगितलं. फ्रीजचं तोंड आमच्याकडं होतं, पण पाठ तिकडं होती. इतकी वर्षं ती पाठ त्या बंद खोलीला ऊब देत होती. ताईनं पदरानं तोंड पुसलं आणि उठून सरळ आप्पांच्या खाटेपाशी गेली. मी मागोमाग.

"आप्पा, भिंत फोडावी लागंल."

"गार हवा जाईल आत," आप्पा म्हणाले.

"म्या जाते ना आत. चूल पेटवते."

आप्पा तिच्याकडं बघत राहिले. तिचे पिकलेले केस, हातातल्या बांगड्या, सगळं नव्यानं बघितल्यासारखं.

"तुला यील पेटवायला?"

"यील."

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली.

पुढं काय झालं ते आधीच सांगते. आप्पा त्या दुखण्यातून उठले. आम्ही त्या घरात आणखी वर्षभर राहिलो, आणि त्या वर्षात ते माझ्या स्वयंपाकघरातून आत जाऊन तिथंच जेवायचे. नवा फ्रीज आम्ही बैठकीत ठेवला. जुना बाहेर काढायला चौकट उखडावी लागली, तेव्हा आप्पा शांतपणे खुर्चीत बसून होते, जणू कुणा दुसऱ्याचं सामान चाललंय. नंतर आमची बदली झाली, आप्पाही गेले. घर आता ताईकडं आहे. पण मला आप्पा आठवतात ते भिंत फोडली त्या दुपारचे.

गवंडी सकाळीच आला होता. छन्नी लावून त्यानं कडेच्या विटा एकेक करून सोडवल्या, फरशी उचकटली. मग त्यानं आणि माझ्या नवऱ्यानं मिळून फ्रीज डावा-उजवा हलवत पुढं ओढला. तो सुटला तेव्हा मोठा निःश्वास टाकल्यासारखा आवाज झाला, आणि मागच्या काळोखातून ऊबदार हवेचा लोट आमच्या तोंडावर आला. राखेचा आणि पिठाचा वास. गवंडी दोन पावलं मागं सरला.

"आत कोन ऱ्हातं का?" त्यानं हळूच विचारलं.

ताई वाकून आत गेली. तिच्यामागं मी. डोळे सरावल्यावर दिसलं ते एक छोटं, नीटनेटकं स्वयंपाकघर. मांडणीवर पितळी ताटं उभी. कोपऱ्यात उतरंड. चुलीवर तवा, बाजूला परात, परातीत दगडासारखा वाळलेला पिठाचा गोळा. सगळ्यावर बोटभर धूळ. जमिनीवरची धूळ सपाट होती, उंदराचं पाऊलसुद्धा त्यावर उमटलेलं नव्हतं. आमच्याच पावलांचे पहिले ठसे.

ताईनं तवा उचलला, राख काढायला चुलीत हात घातला आणि तशीच थांबली. मग माझ्याकडं न बघता माझं मनगट धरून माझा हात राखेत टेकवला. राख कोमट होती. सकाळी निखारे काढून घेतलेल्या चुलीतली असावी, तशी. माझ्या पायाखालची शहाबादी फरशी मात्र गार लागत होती. बाहेरून नवरा विचारत होता, काय झालं. गवंडी म्हणत होता की पश्चिमेची भिंत, मे महिन्याचं ऊन, तापणारच. असेल. त्या भिंतीवर शेजारच्या नव्या इमारतीची सावली दिवसभर असायची, हे मी तेव्हा बोलले नाही.

ताईनं झाडून घेतलं, तवा घासला. परातीतला तो गोळा मात्र हलवला नाही, परातच उचलून मांडणीवर ठेवली. अंगणातल्या काटक्या आणून चूल पेटवली. धूर क्षणभर घोटाळला आणि धुराड्यानं वर निघून गेला. माझ्या डब्यातलं बाजरीचं पीठ घेऊन तिनं भाकरी थापायला घेतली. पाठमोरी, डोक्यावर पदर, उजेड तेवढाच जाळाचा. मी भिंतीशी उभी होते.

दारात सावली पडली. आप्पा होते. खाटेवरून उठून, भिंतींचा आधार घेत आले होते. स्वेटर अंगावर नव्हता. उंबऱ्याशी त्यांनी चपला काढल्या, वाकून आत आले आणि चुलीपासून हातभर अंतरावर मांडी घालून बसले. ती त्यांची बसायची जागा असावी. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं नाही. जाळाच्या उजेडात पाठमोऱ्या ताईकडं बघत अगदी खालच्या आवाजात म्हणाले,

"उशीर झाला गं. टँकर घाटात बंद पडला हुता."

थापणारे हात थांबले. ताई वळली नाही. लाकूड तडतडलं, तेवढाच आवाज. आप्पा तसेच बसून राहिले, समोरचं माणूस काहीतरी बोलतंय आणि आपण ऐकून घ्यावं, तसे. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक ओशाळं हसू आलं.

"व्हय, धुतो की," ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

ताईनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तव्यावरची भाकरी करपत होती. आम्हा दोघींपैकी कुणीही एक अक्षर बोललं नव्हतं. पलीकडं मोरीवर आप्पा घसाघसा हात धूत होते, आणि पाण्याच्या आवाजातून त्यांचा आवाज येत होता, "आलो, आलो."